मेजर, टायपिंग येतं का?

आमच्या भागात फौजी पेन्शनीला येतो तेव्हा त्याच्या आधी त्याचा फ्लेक्स येतो. मधोमध तो स्वतः, पदकं लावून, काळा चष्मा घालून. मागे रणगाडा, वर तिरंगा, खाली मित्रमंडळाचे बावीस चेहरे आणि कोपऱ्यात उगीचच एक वाघ. ठळक अक्षरांत ‘सेवापूर्ती सोहळा’. मग एसटी स्टँडपासून उघड्या जीपमधून मिरवणूक, डीजे, गुलाल, दारोदारी ओवाळणं, शाळेच्या पटांगणात सरपंचांचं भाषण. त्या दिवशी तो ‘मेजर’ असतो. शिपाई म्हणून भरती होऊन नाईक म्हणून सुटलेला असला तरी मेजरच. सातारा-सांगलीकडे ही बढती गाव परस्पर देऊन टाकतं, तिला दिल्लीची मंजुरी लागत नाही.

पावसाळ्याच्या तोंडाला तोच फ्लेक्स कडब्याच्या गंजीवर पसरलेला दिसतो. वाघ फाटलेला, मेजरचा चष्मा शाबूत.

माझ्या चुलत्यांच्या फ्लेक्सचंही तेच झालं. फरक इतकाच की गंजी त्यांची स्वतःची होती. तोफखान्यातून हवालदार म्हणून सुटले तेव्हा वय ४३. दोन मुलं शाळेत, घरावर पत्रा, खात्यावर फंडाचे पैसे. त्यांनी कोंबड्या पाळायचं ठरवलं. तीनशे गावरान पक्षी आणले आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटे साडेपाचला शेडच्या दारात त्यांची गणती सुरू झाली. लाल बांधणीच्या वहीत रकाने आखलेले : ‘स्ट्रेंथ’, ‘सिक’, ‘डेथ’, ‘शिल्लक’. एकदा एक कोंबडी जाळीखालून निसटून शेजारच्या मक्यात गेली. तिच्यासाठी रकानाच नव्हता. त्यांनी शेऱ्यात लिहिलं, ‘बिनपरवाना गैरहजर’. ती संध्याकाळी परत आली तेव्हा काकू म्हणाल्या, “अवो, ती कोंबडी हाय. तिच्यावर काय कोर्ट बसवणार का आता?”

पेन्शनीला आलेल्या फौजीचा हा विनोदी सिनेमा मला आजवर कुठल्याही थिएटरात दिसलेला नाही, आणि तो का दिसत नाही हा प्रश्न मला दिसतो त्याहून गंभीर वाटतो.

आपल्या पडद्यावरच्या सैनिकाला दोनच कामं असतात, मारणं आणि मरणं. फार तर मध्ये दहा दिवस सुट्टीवर येऊन तो एखादं गाणं म्हणतो. पण खऱ्या फौजेतून दरवर्षी साठ हजारांच्या आसपास माणसं धडधाकट बाहेर पडतात. त्यातली बहुतेक ३५ ते ४५ या वयातली असतात, म्हणजे आपल्याकडे बँकेत चिकटलेला माणूस जेव्हा गृहकर्जाच्या अर्ध्यावर असतो त्या वयातली. पुढची पंचवीस-तीस वर्षं त्यांना काहीतरी करायचं असतं. जे येतं ते बाहेर चालत नाही, जे चालतं ते येत नाही. विनोदाला याहून सुपीक जमीन कुठली? तरी तिथे कुणी नांगर घालत नाही, कारण आपल्याला म्हणे जवानांबद्दल फार आदर आहे.

मला हा आदर स्वस्तातला वाटतो. पुतळ्याला नोकरी द्यावी लागत नाही, त्याच्या मुलाच्या शाळेची फी विचारावी लागत नाही. एखाद्यावर प्रेमाने हसायचं तर आधी त्याच्या घरात शिरावं लागतं, त्याचा दिवस कसा जातो ते बघावं लागतं. आपण ते टाळतो, आणि त्या टाळण्याला आदर म्हणतो.

‘कुठे दिसत नाही’ म्हणालो, त्यात एक अपवाद धरायला हवा, आणि तो महाराष्ट्रातच घडतो. बासू चटर्जींचा १९७६चा ‘छोटी सी बात’. अमोल पालेकरांचा बुजरा अरुण, बसथांब्यावरची विद्या सिन्हा, आणि स्कूटरवरून मध्ये घुसणारा असरानी. हरलेला अरुण शेवटी खंडाळ्याला जातो, कर्नल ज्युलियस नगेंद्रनाथ विल्फ्रेड सिंग यांच्याकडे. अशोककुमार यांनी हा कर्नल इतक्या मजेत केला आहे की नावापासूनच हसू फुटतं. या निवृत्त कर्नलने डोंगरावरच्या बंगल्यात नवा धंदा मांडलाय : प्रेमात मागे पडणाऱ्यांना पुढे कसं यायचं ते शिकवायचं. तो अरुणला टेबलटेनिस शिकवतो, चिनी काड्यांनी जेवायला शिकवतो, बोलायचं कधी आणि गप्प बसायचं कधी ते शिकवतो. खुद्द अमिताभ बच्चन एका प्रसंगात त्याच्याकडे सल्ला मागायला येऊन जातो. लढाईचं शास्त्र प्रेमाला लावायचं, ही कल्पनाच गमतीची, आणि ती कर्नलला कुठेही लहान करत नाही.

आता एक बारकी गोष्ट. हा सिनेमा १९६०च्या ‘स्कूल फॉर स्काउंड्रल्स’ या इंग्लिश चित्रपटावर बेतलेला आहे. तिथे धडे देणारा गुरू पॉटर नावाचा एक चलाख नागरिक आहे. त्याचा फौजेशी काही संबंध नाही. त्याला वर्दीतून निवृत्त केला तो आपल्याकडे. म्हणजे बासूदांना चटकन जाणवलं असावं, की या देशात आत्मविश्वास शिकवणारा माणूस पटवायचा असेल तर त्याला कर्नल करावं. आणि तो पटलाही. फक्त तो कर्नल होता, हवालदार नव्हता. खंडाळ्याला बंगला, दिमतीला नोकर, पैशाची विवंचना नाही. नवा धंदा त्याला हौस म्हणून परवडतो. माझ्या चुलत्यांनी गावात ‘प्रेमात यश मिळवा’ अशी पाटी लावली असती तर लोकांनी काय केलं असतं ते सांगायला नको.

हवालदारावर आपण हसलोच नाही असं नाही. खूप हसलो. पण तो पोलिसांचा हवालदार. ‘छोटी सी बात’च्या आगेमागेच, १९७५ साली, दादा कोंडक्यांचा ‘पांडू हवालदार’ आला आणि महाराष्ट्र लोटपोट झाला. हाफ पँट, पट्टा, हप्ता, साहेबाचा धाक, सगळं त्यात होतं. कुणी म्हणालं नाही की पोलीस दलाचं मनोधैर्य खचलं. उलट पोलीस शिपाई हा घर, पगार, बदली आणि बायको असलेला माणूस आहे, हे मराठी प्रेक्षकाला अशा सिनेमांनीच शिकवलं. त्याला कारण आहे. पोलीस नाक्यावर रोज भेटतो. आपण त्याला शिव्या देतो, चहा देतो, अडलो की त्याच्याकडेच धावतो. फौजी भेटतो तो रेल्वेच्या डब्यात, काळ्या ट्रंकेवर बसलेला, आणि उतरून जातो. ओळख नाही तिथे विनोद नाही. मग उरतो तो लांबून केलेला नमस्कार.

ओळख असली की काय होतं ते पाहायचं तर थोडं इंग्लंडला जावं लागेल. बोल्टिंग बंधूंनी १९५६ साली ‘प्रायव्हेट्स प्रोग्रेस’ काढला. त्यात स्टॅन्ली विंडरश नावाचा ऑक्सफर्डचा भाबडा मुलगा दुसऱ्या महायुद्धात फौजेत सापडतो. तीन वर्षांनी, १९५९ साली, त्याच स्टॅन्लीचं पुढचं आयुष्य ‘आय अ‍ॅम ऑल राइट जॅक’मध्ये आलं. युद्ध संपलंय, त्याला नोकरी हवी आहे. पावडर-साबणाच्या कंपनीत जातो, जमत नाही. मिठायांच्या कारखान्यात जातो, आणि चव घेऊन घेऊन पोट इतकं बिघडतं की कालवणाऱ्या यंत्रातच ओकतो. शेवटी मामा त्याला क्षेपणास्त्रांच्या कारखान्यात साधा कामगार म्हणून चिकटवतो. त्यात मामाचा डाव आहे : हा बावळट काहीतरी गोंधळ घालेल, संप होईल, आणि अरबी देशाचं कंत्राट जास्त दराने आपल्याच दुसऱ्या कंपनीकडे वळवता येईल. स्टॅन्ली गोंधळ घालतो तो असा की मालाची गाडी मनापासून चालवतो. वेळेचा अभ्यास करणारा एक गृहस्थ लपून त्याची घड्याळ लावून नोंद घेतो, व्यवस्थापन म्हणतं सगळ्यांनी एवढंच काम करा, आणि कारखाना बंद पडतो. पीटर सेलर्सने रंगवलेला कामगारनेता फ्रेड काइट त्यातलाच. त्या भूमिकेला त्याला ‘बाफ्टा’ हा ब्रिटिश चित्रपट-पुरस्कार मिळाला.

मला त्यात सगळ्यात आवडतो तो मेजर हिचकॉक. टेरी-थॉमस. पहिल्या सिनेमात तो स्टॅन्लीचा वरिष्ठ अधिकारी असतो; दुसऱ्यात तो त्याच कारखान्यात कामगार-विभागाचा प्रमुख होऊन बसलेला. वर्दी गेली, मिशी तीच, तुच्छता तीच. फौजेत शिपायांना आळशी म्हणायचा, इथे कामगारांना म्हणतो. दोन सैनिक, दोघांची नवी कारकीर्द, आणि दोघांनी फौजेतून आणलेलं सामान एकाच कारखान्यात भलत्या कामाला येतंय. (गंमत म्हणजे वर सांगितलेल्या ‘स्कूल फॉर स्काउंड्रल्स’मध्ये पुढच्याच वर्षी हेच दोघे, स्टॅन्ली झालेला इयन कारमायकल आणि टेरी-थॉमस, पुन्हा समोरासमोर होते. म्हणजे आपला खंडाळ्याचा कर्नल नात्याने त्यांच्याच घरातला.)

इंग्रजांना हे जमलं कारण त्यांच्या थिएटरात बसलेला निम्मा पुरुषवर्ग स्वतः फौजेतून आलेला होता. युद्ध होतंच, शिवाय सक्तीची लष्करी भरती १९६०च्या अखेरीपर्यंत चालू होती. खुर्चीवर बसलेल्या माणसाला रांगेत उभं राहण्याचा, बटाटे सोलण्याचा, उगीच बूट चमकवण्याचा अनुभव होता. त्याला कुणी सांगायची गरज नव्हती की सैनिक हा देव नसून सकाळी उठायला कंटाळणारा माणूस असतो. आपल्याकडे भरती ऐच्छिक आहे, आणि ती ठरावीक मुलुखातून होते. महाराष्ट्रात सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर, थोडं कोकण, थोडं बुलढाणा. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावातून पहिल्या महायुद्धात ४६ जण कामी आले. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीच्या तर नावातच ‘सैनिक’ आहे. पटकथा मात्र पुण्या-मुंबईच्या घरांत लिहिल्या जातात, जिथे तीन पिढ्यांत कुणी फौजेत गेलेलं नसतं. ज्या घरातून मुलगा जात नाही त्या घरात जवान फक्त प्रजासत्ताकदिनाच्या परेडमध्ये असतो.

दुसरी अडचण सरकारी आहे. संरक्षण मंत्रालयाने २०२०च्या जुलैमध्ये सेन्सॉर बोर्डाला पत्र लिहून कळवलं, की लष्करावर आधारलेले सिनेमे आणि मालिका दाखवण्याआधी निर्मात्यांनी मंत्रालयाचं ना-हरकत पत्र घ्यावं. मागचं कारण समजू शकतो. काही मालिकांनी वर्दीचा चोथा केला होता. पण परवानगीची खिडकी उघडली की तिथे कोणती कथा पास होते हेही ठरून जातं. दिग्दर्शक ओनीर यांनी, समलिंगी असल्यामुळे फौज सोडलेल्या एका मेजरच्या आयुष्यावरून प्रेरित झालेली पटकथा पाठवली, ती नाकारली गेली. तो विषय वेगळा, वादाचा, मान्य. पण विचार करा, निवृत्त हवालदाराच्या सिनेमात एक आठवण म्हणून दोन मिनिटं लंगरचा, म्हणजे फौजी भटारखान्याचा, प्रसंग दाखवायचाय, त्यात सुभेदाराची नक्कल आहे. कुठला निर्माता त्या दोन मिनिटांसाठी दिल्लीला खेटे घालेल? तो सरळ सीमेवरची लढाई काढेल. ती विकतेही.

केरळात त्या मानाने वातावरण सैल आहे. तिथल्या सिनेमात सुट्टीवर आलेला किंवा पेन्शनीला आलेला ‘पट्टाळक्कारन’ म्हणजे फौजी, त्याच्या थापा आणि त्याचा रमचा कोटा हे ठरलेलं विनोदी पात्र आहे. २००२च्या ‘मीशा माधवन’मधला पट्टाळं पुरुषु तर तिथे म्हणीसारखा झालाय. तरी तोही बहुतेक वेळा तोंडी लावण्यापुरताच.

आपल्याकडे जवळ जाऊन हुकलेला एक सिनेमा म्हणजे २०२४चा ‘चंदू चॅम्पियन’. मुरलीकांत पेटकर हे आमच्याच बाजूचे, इस्लामपूरकडचे. ईएमईमध्ये, म्हणजे फौजेच्या यंत्रदुरुस्तीच्या शाखेत, जवान, १९६५च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलं, आणि १९७२ साली हायडलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात भारताचं पहिलं सुवर्णपदक. पद्मश्री मिळाली २०१८ साली, मोजा वर्षं. सिनेमाची सुरुवात फार झकास आहे : म्हातारा पेटकर सांगलीच्या पोलीस ठाण्यात जातो आणि राष्ट्रपतींविरुद्ध तक्रार नोंदवा म्हणतो. फौजदाराला कळेना हसावं की उठून उभं राहावं. माझ्या मते सिनेमा तिथेच होता. पण कॅमेरा लगेच आखाड्यात, मग युद्धात, मग तलावात जातो, आणि पेटकरांनी पुण्यात टेल्कोत नोकरी केली, डबा घेऊन गेले-आले, तो सगळा काळ आपल्याला हवा तसा भेटतच नाही. पदक जिंकलेला माणूस सोमवारी कामावर कसा जातो, हे मला बघायचं होतं.

कारण त्या सोमवारातच सगळा ऐवज आहे. कागदावर माजी सैनिकासाठी पुष्कळ काही आहे. केंद्राच्या गट ‘क’मध्ये १० टक्के आणि गट ‘ड’मध्ये २० टक्के जागा राखीव, महाराष्ट्रात १५ टक्के समांतर आरक्षण, जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिक कल्याण कार्यालय, दिल्लीत पुनर्वसनासाठी वेगळं महासंचालनालय. ते निवृत्तीआधी अभ्यासक्रम देतं आणि नंतर योजना : सुरक्षा एजन्सी, कोळशाची वाहतूक, पेट्रोल पंप, दिल्लीकडे दुधाचे आणि भाजीचे बूथ. तोफेचा नेम धरणाऱ्याने दुधाच्या पिशव्या मोजाव्यात, यात कमीपणा काही नाही. पण त्या बूथवर पहिल्या दिवशी काय होत असेल? पंधरा वर्षं सेवा झालेल्या दहावी पास जवानाला ठरावीक नोकऱ्यांपुरतं पदवीसमान धरणारं प्रमाणपत्र मिळतं. ते घेऊन तो खिडकीशी जातो, आणि खिडकीतला माणूस विचारतो, “विद्यापीठ कुठलं?” राखीव जागा आहेत आणि माणसं आहेत, तरी त्या जागा पुरत्या भरत नाहीत, कारण दोघांच्या मध्ये हा असा एकेक कारकून, एकेक रकाना आणि एकेक परीक्षा उभी असते.

मग उरते सुरक्षारक्षकाची नोकरी. तुमच्या बँकेच्या दारात साखळीला लटकवलेल्या अर्धवट उघड्या जाळीमागे बारा बोरची दुनळी घेऊन जो बसलेला असतो, तो बहुधा फौजेतला असतो. त्याला नीट पाहा. बंदूक चालवायची वेळ त्याच्यावर येत नाही. त्याचा दिवस जातो म्हाताऱ्यांच्या स्लिपा भरून देण्यात, पासबुक छापायचं मशीन थोपटण्यात, ‘आज सर्व्हर डाउन आहे’ हे मॅनेजरऐवजी सांगून शिव्या खाण्यात. आमच्या बँकेतला रखवालदार रांगेत घुसणाऱ्याला ‘पीछे मुड’ म्हणायचा आणि माणसं खरंच वळायची. मॅनेजरची बदली झाली तेव्हा गावाने हार घातला; बँक चालवत कोण होतं हे ज्यांना ठाऊक होतं त्यांनी बंदुकीवाल्याला वेगळा नारळ दिला.

आणि ही दुसरी नोकरी आपल्या इतिहासात काही नवी नाही. सुभेदार रामजी सकपाळ फौजेतून निवृत्त झाल्यावर साताऱ्याला आले आणि पुढे खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी कामावर, तलावाच्या खोदाईवर, रोखपाल म्हणून लागले. त्यांना भेटायला निघालेली मुलं मसूर स्टेशनवर उतरली. त्यांची जात कळताच स्टेशनमास्तरचा सूर बदलला आणि गाडीवान गाडी हाकायला तयार होईना. दुप्पट भाडं देऊन पोरांनीच गाडी हाकली. त्यातला एक भीमराव. ही हकिगत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. सुभेदाराच्या पोरांना सुभेदारी कामाला आली नाही. त्यावर हसण्यासारखं काही नाही, हे मला कळतं. पण वर्दीला केलेला रामराम वर्दी उतरल्यावर कुठवर टिकतो, याचा आमच्या भागातला, मला ठाऊक असलेला, तो सगळ्यात जुना दाखला आहे.

हा प्रश्न आत्ताच काढण्याचं कारण आहे. अग्निपथ योजना २०२२च्या जूनमध्ये जाहीर झाली. साडेसतरा ते एकवीस वयाची मुलं, चार वर्षं सेवा, त्यातले जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढे कायम, बाकीचे सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी घेऊन घरी. पेन्शन नाही. पहिल्या वर्षी ४६ हजार जागा. पहिल्या तुकड्या २०२३च्या जानेवारीच्या आसपास प्रशिक्षणाला उभ्या राहिल्या. चार वर्षं मोजली की २०२६ सरतं आणि २०२७ उजाडतं. चाळिशीतला मेजर आपल्याला सवयीचा होता. आता बाविशी-तेविशीतला ‘माजी सैनिक’ गावात येणार आहे. त्याचा फ्लेक्स लागेल, वाघही असेल, पण लग्न व्हायचं असेल, आणि त्याच्या वर्गातली मुलं अजून एमपीएससीच्या पुस्तकांत डोकं घालून बसलेली असतील.

योजना जाहीर झाली त्याच महिन्यात एका राष्ट्रीय पक्षाचा नेता बोलून गेला, की पक्षाच्या कार्यालयात सुरक्षारक्षक ठेवायचा झाला तर मी अग्निवीराला प्राधान्य देईन. देशभर गदारोळ झाला. जवानाचा अपमान म्हणून अग्रलेख आले, विरोधक तुटून पडले, नेत्याला खुलासे करावे लागले. मला तो राग खरा वाटला आणि तितकाच विचित्रही. ज्या सोसायट्यांतून ते संतापाचे संदेश फिरत होते त्यांच्या फाटकावर त्या वेळीही एखादा माजी नाईक वहीत गाड्यांचे नंबर लिहीत बसला होता. बारा तासांची पाळी, डोक्यावर पत्रा, आणि हाक ‘ओ वॉचमन’. नेत्याची चूक एवढीच झाली की सगळे जे करतात ते त्याने माइकवर सांगितलं. एका चांगल्या विनोदी सिनेमाने हेच केलं असतं, पण नीट केलं असतं : फाटकावरचा माणूस मध्यभागी ठेवला असता आणि आपल्याला गाडीतून काच खाली करायला लावली असती.

यावर मला नेहमी ऐकायला मिळतं, की विनोद झाला की टवाळी होणार. भीती निराधार नाही. रमची बाटली, झुपकेदार मिशी, तोडकंमोडकं हिंदी आणि प्रत्येक वाक्यात शिवी, असा फौजी आपण गॅदरिंगमध्ये पुष्कळ पाहिलाय. शिखांवरच्या विनोदांनी किती पिढ्यांना बोचलं तेही माहीत आहे. पण विनोदाचं टोक कुणाकडे आहे ते बघायला हवं. विंडरशच्या सिनेमात हसं होतं ते कारखान्याचं, मालकाचं, संघटनेचं. त्या भाबड्या माणसाच्या उजेडात बाकी सगळ्यांची लबाडी दिसते. वहीत कोंबडीचा शेरा लिहिणाऱ्या हवालदारावर मी हसतो, तेव्हा माझ्या मनात हेही असतं की या गावात हिशेब ठेवणारा हा एकटाच आहे.

उलट मला जास्त धोका वाटतो तो दुसऱ्या टोकाच्या भाबडेपणाचा. ‘एकदा सगळं मिल्ट्रीच्या ताब्यात द्या, सरळ होतील’ हे वाक्य आपण चहाच्या टपरीवर किती वेळा ऐकतो! खंडाळ्याचा कर्नल त्याच समजुतीचं गोड रूप आहे. राळेगणसिद्धी हे खरं रूप. फौजेत ट्रक चालवणारे किसन हजारे १९७५ साली निवृत्त होऊन गावी आले, पाणी अडवलं, झाडं लावली, गाव उभं केलं. देशाने त्यांना अण्णा म्हणून डोक्यावर घेतलं. आणि दारुड्यांना खांबाला बांधून पट्ट्याने फोडून काढलं, हेही त्यांनी कधी लपवलं नाही. निवृत्त सैनिकाच्या नव्या कारकिर्दीची इतकी मोठी गोष्ट दुसरी नसेल. तिच्याकडे भक्तीने पाहणारे लेखन ढीगभर आहे. त्या खांबाकडे आणि त्या पट्ट्याकडे थोडं हसत, थोडं दचकून पाहणारी एक पटकथा मला वाचायला आवडली असती. भक्तीला जे प्रश्न विचारता येत नाहीत ते विनोद सहज विचारून जातो.

चुलत्यांच्या कोंबड्या दोन वर्षं चालल्या. मग रोग आला, वहीचा ‘डेथ’चा रकाना एका आठवड्यात भरला, आणि त्यांनी माजी सैनिकांच्या कोट्यातून एका सरकारी कार्यालयात लिपिकाच्या जागेसाठी अर्ज केला. कागदपत्र तपासायला बोलावलं तेव्हा ‘कामाचा अनुभव’ या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं : २४ वर्षे, सियाचीन, राजौरी, तवांग, बोफोर्स तोफ. टेबलामागच्या बाईंनी ते शांतपणे वाचलं. चष्मा वर केला. म्हणाल्या, “हे सगळं चांगलंच आहे मेजर. टायपिंग येतं का?”

हा किस्सा ते प्रत्येक लग्नात सांगतात. दर वेळी बाईंचा चष्मा जाड होतो, तोफेची नळी लांब होते, आणि मांडव हसून हसून आडवा होतो. सांगणाऱ्याचं टायमिंग असं, की नटाने शिकावं.

गेल्या वैशाखात सांगून झाल्यावर माझा मावसभाचा, अग्निवीराची शारीरिक चाचणी नुकतीच पास झालेला, हसत हसत म्हणाला, “मग काका, आधीच टायपिंग शिकून जाऊ का?”

सगळे पुन्हा हसले. काकांनी हातातलं पान ताटात ठेवलं.

“मराठी तीस, इंग्लिश चाळीस,” ते म्हणाले. “दोन्ही सर्टिफिकिटं काढ, मगच ट्रंक भर.”